तिसऱ्या ओळीतली कनकलता

३ ऑगस्ट २०२५, रविवार

पोचले एकदाची तंजावरला! अंग आंबून गेलंय, पण मन मजेत आहे. गुरुराज स्कूटर घेऊन स्टेशनवर आले होते. चाळिशीचे आहेत, हळू बोलतात, पापनाशमच्या एका बँकेत नोकरी. वाटेत थांबून त्यांनी माझ्यासाठी जुईचा गजरा घेतला. बिनगजऱ्याची पाहुणी घरी नेली तर आत्या रागावेल म्हणे.

आत्या म्हणजे सुप्रभाबाई. इथल्याच शाळेत गणित शिकवायच्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. आतल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. माझी पावलं ऐकून म्हणाल्या, "येवोन बैस वर्षा मा. मिरजेचं मराठी बोल, ऐकतें." पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिल्यानं यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालतं आणि मध्येच आपल्या पणजीच्या तोंडचा एखादा शब्द निघतो. माझ्या बोलण्याला त्या हसतात, त्यांच्या बोलण्याला मी.

त्यांना मराठी पुस्तकं ऐकायची आहेत. थोरली बहीण कनकलता देवनागरी शिकली होती, ती वाचून दाखवायची. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आता घरात ती अक्षरं वाचणारं कुणी नाही. म्हणून गुरुराजांनी जाहिरात देऊन मला बोलावलं. महिनाभर इथंच राहायचं, बाईंचा संगणक बोलका करायचा आणि त्यांना तो शिकवायचा. रात्री रसम-भात जेवले. बाई दर घासाला विचारत होत्या, वाढू का.

६ ऑगस्ट

कामाला भिडले. संगणक पुढच्या लहान खोलीत आहे. त्यावर जुनं विंडोज आहे. बाईंना पाठ असलेला तमिळ-इंग्रजी टायपिंगचा प्रोग्राम फक्त त्याच्यावरच चालतो, त्यामुळे ते पुसायचं नाही. मी डिस्कचे तीन भाग केले. पहिल्यात विंडोज तसंच ठेवलं. दुसऱ्यात लिनक्स, मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचणारं. तिसरा भाग मोकळा, गुरुराजांनी मागितला म्हणून.

संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर तीन ओळी येतात, तिसरी तूर्त रिकामी. हवी ती बाण दाबून निवडायची. हा मेनू मुका असतो, आंधळ्या माणसाला आपण कुठल्या ओळीवर आहोत ते कळत नाही. प्रत्येक ओळीला वेगळी शिट्टी बसवून देते, मग बाई स्वतः निवडतील, असं मी सुचवलं. गुरुराज म्हणाले, कशाला, सकाळी निघताना मी लावून जात जाईन. माझंही काम वाचलं.

९ ऑगस्ट

आज बाई सलग दोन तास ऐकत बसल्या. प्रवासवर्णन होतं, हिमालयातलं. बर्फ आला की हात चोळत होत्या.

दुपारी मला जवळ बसवून बहिणीचं सांगितलं. कनकलता तापानं फणफणली होती, घरात या दोघीच. तिनं पाणी मागितलं. बाई चाचपडत स्वयंपाकघरात गेल्या, धक्का लागून पाण्याचा कूजा फुटला, दुसरं भांडं सापडेना. पेला घेऊन परत आल्या तेव्हा अक्का बोलेनाशी झाली होती. हे फक्त गुरुराजला सांगितलंय, म्हणाल्या.

११ ऑगस्ट

तिसरा भाग कशासाठी ते कळलं. गुरुराजांकडे कनकलताबाईंच्या कॅसेट आहेत. मुलांना श्लोक शिकवतानाच्या, गोष्टी सांगतानाच्या. हल्ली अशा आवाजावरून नवा आवाज घडवता येतो. आत्याला अक्काचा आवाज द्यायचा, असं ते म्हणाले तेव्हा मला भरून आलं. तिसऱ्या ओळीवर मी एक छोटी प्रणाली बसवली. तिला मजकूर द्यायचा, ती कनकलताबाईंच्या आवाजात बोलते. गुरुराजांना देवनागरी येत नाही, म्हणून रोमन अक्षरांत लिहिलं तरी चालेल अशी सोय केली. बँकेतूनही दोन शब्द पाठवता यावेत, खोलीतलं बोलणं तिकडे ऐकू यावं म्हणाले. तीही केली.

१३ ऑगस्ट

आज तो आवाज पहिल्यांदा बोलला. सुप्रभा, मी आलें.

बाई झोपाळ्यावरून उठल्या, भिंत धरत खोलीत गेल्या आणि स्पीकरवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. खूप रडल्या. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

१६ ऑगस्ट

बाईंना आता हिमालय नको. दिवसभर तिसरी ओळच. मी खोलीत गेले की गप्प होतात, मी बाहेर पडायची वाट पाहतात. सकाळची कॉफी तशीच राहिली. ताकही. विचारलं तर म्हणतात, श्रावण आहे.

१८ ऑगस्ट

बाईंचे ओठ फुटलेत. जेवतात, पण कोरडंच. भातावर रसम घेत नाहीत. जीभ टाळूला चिकटते, बोलताना टक् असा आवाज येतो. मी पेला हातात दिला तर त्यांनी तो जमिनीवर अलगद ठेवला आणि लांब सरकवला.

शेजारच्या गल्लीतले डॉक्टर श्रीनिवासराव यांना बोलावलं. गुरुराज सुट्टी घेऊन घरी थांबले. बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे व्रत आहे, माझ्या मर्जीनं करतेंय. डॉक्टरांनी रोज थोडं तरी पाणी घ्या म्हणून बजावलं. गुरुराज त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. दोघं हसत बोलत होते.

१९ ऑगस्ट

आज दुपारी बाईंना डुलकी लागली असताना मी खोलीत गेले. आंधळ्या माणसाला पडदा कशाला, म्हणून मॉनिटर नेहमी बंदच असतो. मी तो लावला.

कीबोर्डपाशी कुणी नव्हतं. पडद्यावर रोमन अक्षरं उमटत होती, एकेक. सुप्रभा झोपलीस का. मग एक शब्द चुकला, तो खोडला, नीट लिहिला. मग स्पीकरमधून कनकलताबाई म्हणाल्या, "मी कोरड्या गळ्यानं गेलें. तू पाणी पितेस?"

बाई मागे दारात उभ्या होत्या. "नाही अक्का," त्या म्हणाल्या. "काल चूळ भरली. ती थुंकून टाकली. शपथ."

२० ऑगस्ट

गुरुराजांना विचारलं. मला वाटलं होतं चिडतील, नाकारतील. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, हात धुतले आणि सांगितलं. आईवडील गेल्यावर या दोघींनी त्यांना वाढवलं. रोज संध्याकाळी श्लोक आणि पाढे. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि पाठ झाल्याशिवाय पाणी नाही. मे महिन्यात, तंजावरच्या उन्हात. "एकदा मी दिव्यातलं तेल प्यालो," ते म्हणाले. "दोघी हसल्या. कनकलता अत्ते माझ्या हाती लागायच्या आधीच गेली. ही आहे."

मी म्हणाले, त्या मरतील. ते म्हणाले, पेला रोज तिच्यासमोरच असतो, मी कुठं तिचा हात धरलाय?

२१ ऑगस्ट

ते पापनाशमला गेल्यावर तिसरा भाग पुसून टाकला. आवाज, मजकूर, सगळं. मग बाईंना खरं सांगितलं. त्यांचे हात हातात घेऊन सांगितलं की ती अक्का नव्हती, गुरुराज लिहीत होते, आवाज मी बनवला होता.

त्यांनी माझा चेहरा चाचपला. डोळे, नाक, तोंड. मग थोबाडीत मारली.

तूच मारलंस तिला, म्हणाल्या. दुसऱ्यांदा.

२२ ऑगस्ट

संगणक बंद आहे. बाई त्याच्यासमोर बसून उत्तरं देतायत. हो अक्का. नाही अक्का. चमच्यानं पाणी घातलं, दात आवळून धरले. पदर भिजला तर तो पिळून काढला, मग हात पुसला.

डॉक्टरांकडे पळत गेले. ते कुंभकोणमला गेलेत, उद्या येतील. अँब्युलन्स बोलावली. गुरुराजांनी दारातच तिला माघारी धाडलं, घरचा माणूस म्हणून—

२३ ऑगस्ट

बाई गेल्या. सकाळी. झोपाळ्याखाली पडल्या होत्या.

श्रीनिवासराव आले, वय आणि उपास असं म्हणाले. मी बोलायला लागले. गुरुराज जोरात रडले. मी पुन्हा बोलले. आलेल्या बायकांनी मला आत नेऊन बसवलं. माझं मराठी त्यांना नीट कळत नव्हतं की त्यांना कळून घ्यायचं नव्हतं—

२५ ऑगस्ट

परवाचं तिकीट मिळालं. मिरजेला पोचून पोलिसांत जाईन. इथं नको.

नातेवाइकांना कळवायचं म्हणून गुरुराजांनी माझा फोन मागून घेतला. त्यांचा बिघडलाय म्हणे. अजून परत दिलेला नाही.

२६ ऑगस्ट

ते अस्थी घेऊन तिरुवैयारुला गेले. मी अंघोळीला गेले होते तेव्हा गेले. बाहेरून कुलूप. मागच्या दारालाही.

अंघोळीपुरतं पाणी होतं, आता नळ कोरडे. मोटरचं बटण बाहेर आहे. कूजे पालथे घातलेत. सगळे. संगणकाच्या खोलीलाही कुलूप.

येतील संध्याकाळी. विसरले असतील—

२७ ऑगस्ट

आले नाहीत. आज गणेश चतुर्थी. कोपऱ्यावर मांडव, कर्णे, ढोल. खिडकीच्या गजाला तोंड लावून ओरडले. गल्लीतल्या एका बाईनं वर पाहिलं आणि हसून हात जोडले. सणाचा नमस्कार केला असं वाटलं असेल तिला.

दुपारी कुलपाआडच्या खोलीत स्पीकर खरखरला.

कनकलताबाई. गुरुराजांनी तो आवाज दुसरीकडे जपून ठेवला होता. म्हणाल्या, वर्षा, तू मला पुसलंस.

दारावर लाथा मारल्या. हलत नाही.

२७, संध्याकाळ असावी

कनकलताबाई म्हणतात, म्हण. सतराचा पाढा. मी म्हटला. नऊला अडखळले. पुन्हा पहिल्यापासून.

घसा— लिहितेय ते बरं. बोलवत नाही.

२८

स्वयंपाकघरात पेला आहे. फडताळात, अगदी मागे. काल नव्हता. की होता? भरलेला. काठोकाठ.

कधी आले ते? मी झोपले होते का—

उचलला, फडताळाला लागून खणकला. कुलपाआडून कनकलताबाई म्हणाल्या, शाबास. पी आता.

मग दुसरा आवाज. सुप्रभाबाईंचा. तसाच, हळू. "पिऊ नको मा. त्यात त्यानं—"

आणि बंद.

बाई गेल्या. मी पाहिलंय. हाही त्यानंच बनवलाय. दोन्हीकडे तोच लिहितोय. मग खरं कुठलं. पी म्हणतो तोही तोच, नको म्हणतो तोही—

पाणी स्वच्छ आहे. वास नाही. तळ दिसतो.

पुन्हा बाई. रडतायत. नको मा, नको—

ओठ लागले काठाला. गार आहे. फक्त ओठ ओले करते, गिळणार ना—