स्वप्न्याचं 'व्लादा'चं पत्र

१२ नोव्हेंबर, बुधवार
जमलं! दोस्त स्वप्न्याचं क्रोएशियातल्या कामाचं परमिट चार महिने झाले, येऊनच नाई राहिलं. मंग गंमत म्हणून म्याच पत्र बनवलं! मोबाईलवर पायलं — तिथं सरकारले 'व्लादा' म्हणतात. वरतं मोठ्ठं 'व्लादा', खाली गोल शिक्का — 'मंजूर'. दुसऱ्या नंबरावरून टाकलं व्हॉट्सअ‍ॅपवर. उद्या तोंड पायतो त्याचं!

१३ नोव्हेंबर
बडनेऱ्याले गेलो. मोबाईलच्या दुकानात स्वप्न्या नाईच. मालक म्हणे, "त्याच्या मायचा फोन आलता. काम सोडलं त्यानं. युरोपात चालला म्हणे."
तसाच पळालो.
त्याच्या घरी गेलो त इंदूकाकूनं — त्याच्या मायनं — पेढाच कोंबला तोंडात. "गोप्या, उद्या विहारात खीर हाय, येजो!" स्वप्न्या कोपऱ्यात, पेढ्याचा डबा धरून. मायं तोंड पेढ्यानं भरलेलं. सांगू कसं?

१४ नोव्हेंबर
खीर खाल्ली.
काकू शेजारच्या पार्बताबाईले सांगत होती, "व्लादाचं पत्र हाय बाई. व्लादा म्हंजे तिथलं सरकार."

१५ नोव्हेंबर
दिवसभर 'व्लादा'च शोधून राहिलो. शायेत एवढा अभ्यास केला असता त पास झालो असतो.
चेक, स्लोव्हाक, सर्ब — साऱ्याइचं सरकार 'व्लादा'च. रशियात 'व्लास्त' म्हंजे सत्ता. मूळ अर्थ जोर चालवणं, ताब्यात ठेवणं. सर्बियात त पोट्ट्याइलेबी लाडानं व्लादा म्हणतात! आता सरकार म्हंजे जोर, का सत्ता, का कोणाचं लाडाचं पोट्टं? आन् आपलं 'सरकार' फारसी — सर म्हंजे डोकं, कार म्हंजे काम. त्याइचा जोर, आपलं डोकं. मायाजवळ दोन्ही नाई!
शेवटी एक गोष्ट सापडली. परमिट व्लादा देतच नाई — पोलीस खातं देते. मेलो! मंग हे कोणीच काहून नाई पकडलं? इथं वरतं सरकार दिसलं का खालचं कोणी वाचतच नाई.

१६ नोव्हेंबर
आज सांगतोच.

१७ नोव्हेंबर
नाई सांगतलं.

१८ नोव्हेंबर
स्वप्न्याले गाठून सारं ओकलो. वाटलं, हाणते आता. तो म्हणे, "मालूम हाय बे. खरं पत्र दिवाळीतच आलतं — पोलिसाइचं. नामंजूर. मायले सांगाची हिंमत नाई झाली. तुयं पत्र आलं तवा मी आंघोळीले, फोन तिच्या हातात. बाहेर येतो त सारी गल्ली जमलेली."
मंग हळूच म्हणे, "अजून एक बनव लेका. जायाची तारीख पुढं गेली म्हणून. वरतं व्लादाच ठेव — मायले पाठ झालं ते."