डावीकडच्या खिडकीची खोली

मानक नगर, लखनौ

तीर्थरूप नाना,

तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत. यांची बदली यंदा टळली, तेव्हा ती काळजी नको.

तुम्ही पाठवलेली जुन्या कॅलेंडरांवरच्या चित्रांची गुंडाळी काल उघडली आणि साताऱ्याच्या घरातल्या भिंती आठवल्या. चित्रात उजेड ज्या बाजूनं येतो, त्याच बाजूला खिडकी असलेली भिंत तुम्ही शोधायचात. म्हणून दूध ओतणारी डच बाई स्वयंपाकघरात, त्या फ्रेंच मोनेची कमळं व्हरांड्यात आणि त्या अमेरिकन हॉटेलातली रात्र थेट ट्यूबलाइटखाली! आई चिडायची, पण जेवताना तीच म्हणायची, "आज बाईचं दूध जास्त पांढरं दिसतंय."

मी घाईघाईनं बाईला इथल्या स्वयंपाकघरात लावलं. मैत्रेयी शाळेतून आली आणि म्हणाली, "मम्मी, खिड़की तो राइट में है, नाना डाँटेंगे." तुमची नात मराठी बोलत नाही, पण नजर तुमचीच घेतलीय.

इतकी जपलेली चित्रं तुम्ही एकदम का पाठवलीत, ते दादाच्या फोनवरून कळलं. भर दुपारी दिवा लावून वाचता म्हणे. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले हो नाना. इथले डॉक्टर चांगले आहेत. आईचे गुडघे कसे आहेत?

बाईला आता मागच्या खोलीत हलवलंय. तिथली खिडकी डावीकडे आहे, पलंगही रिकामा आहे. उजेड नीट जुळलाय का, ते मला ठरवता येत नाही. तुम्हीच या आणि दोन्ही डोळ्यांनी बघून सांगा.

वाट बघणारी,
मुक्ता