एका गाडीवर दोन कंटेनर

मॅडम,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज दुपारपासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय. पनवेलच्या एसटी स्टँडमागची आपली दोन खोल्यांची कचेरी आता नाही, तिथे दातांचा दवाखाना झालाय. पण त्या कचेरीतली एक दुपार मला अजून लख्ख दिसते. उरण रस्त्यावरच्या कंटेनर यार्डाचं सॉफ्टवेअर आपलं होतं. गेटवर आलेली गाडी नोंदवायची आणि पास छापायचा. एका गाडीवर एकच कंटेनर असणार, असं आपण धरून चाललो होतो. त्या दुपारी ट्रेलरवर दोन-दोन छोटे कंटेनर यायला लागले आणि दुसऱ्याचा पास काही निघेना. यार्डाच्या मालकांचा फोन आला, "लाइन पार हायवेपर्यंत गेली हाय. कायतरी करा!" मी सुचवलं, तोच गाडी नंबर पुढे 'ए' लावून पुन्हा नोंदवू दे, पास निघेल. तुम्ही चष्मा काढून डोळे चोळलेत. "म्हणजे नसलेली गाडी आपण आत घेणार," म्हणालात. मग लगेच, "घे. ड्रायव्हर उन्हात उभे आहेत." आणि मालकांना तिथल्या तिथे सांगितलंत, "आजचं भागवून देते. शनिवारी सकाळी गेट बंद ठेवा, तेव्हा नीट करू." ते लगेच हो म्हणाले. घाईत सगळेच म्हणतात.

नीट करायचं म्हणून मी फळ्यावर भलामोठा आराखडा काढला. गाडीची नोंद वेगळी, कंटेनरची वेगळी, इथवर ठीक होतं. पण उद्या माल रेल्वेने आला तर, बोटीने आला तर, त्याचीही सोय मी करून ठेवली होती. शाबासकीची वाट बघत उभी होते. तुम्ही निम्मा फळा पुसून टाकलात. "ही सगळी तुझी हौस. रेल्वे आली की बघू. आज एका गाडीवर दोन कंटेनर आलेत, तेवढं नीट कर." मी दिवसभर गाल फुगवून बसले.

शुक्रवारी मालक फिरले. शनिवारी गेट बंद ठेवणार नाही, असा निरोप आला. तुम्ही फोन न करता मला घेऊन थेट यार्डात. ते म्हणतायत, "चाललंय ना मॅडम? मग कशाला हात लावता? तुमाला जमत नाय तर आमी दुसरा बगतो." आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ते. तुम्ही शांतपणे खुर्ची ओढून बसता. कॉम्प्युटरवर आत असलेल्या गाड्यांची यादी उघडता आणि खिडकीकडे बोट करता. "यातल्या निम्म्या तुमच्या यार्डात नाहीतच. उद्या एखादा कंटेनर चोरीला गेला, तर पोलिसांना कुठली गाडी दाखवाल?" "जेवायच्या आत उरका," एवढंच ते म्हणाले.

शनिवारी काम उरकल्यावर तुम्ही मला घरी नेलंत. ओट्याशी उभ्या राहून कोलंबीचं कालवण ढवळत होतात. मी विचारलं, "भीती नाही वाटली?" "वाटली की. म्हणून तर गेले. फोनवर मी हो म्हणून मोकळी झाले असते."

आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. औषधांचे एक घाऊक व्यापारी आमचे ग्राहक आहेत. दुकानांतून परत आलेला माल नोंदवायची त्यांच्या प्रोग्रॅममध्ये सोय नव्हती, म्हणून घाईच्या दिवसांत तो नवी खरेदी म्हणून चढवा, असं मीच सांगितलं. रविवारी नीट करून देते म्हटलं होतं. आज त्यांचा फोन आला, "राहू दे हो, मस्त चाललंय." आणि मी म्हटलं, "बरं." फोन ठेवल्यावर इतकं हायसं वाटलं! मग आठवलं, परत येणाऱ्यांत मुदत संपलेल्या गोळ्याही असतात. त्याही चांगल्या मालात धरल्या जातायत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. उद्या सकाळी, न कळवता, त्यांच्या गोदामात जाणार आहे. पण तुम्हाला म्हणून सांगते, मॅडम, ते जागेवर नसले तर बरं, असं मला आत्तापासून वाटतंय.