‘आठवत नाही’ हे उत्तर खोडण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
ज्येष्ठ नागरिक उपक्रम विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सकाळच्या योगवर्गाच्या शिक्षिकाबाईंना पुन्हा वर्गावर घेण्याबाबत व माझ्या जबाबात दुरुस्ती होण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, जा. क्र. ३१२, शिक्षिकेस वर्गावरून कमी केल्याचे.

महोदय,

“वाकावं बाई वाकावं, वेलीवाणी वाकावं, मोडायाच्या आधी थोडं थांबून ऐकावं.” माझी आई फरशी पुसताना हे गुणगुणायची. त्याला साठ वर्षे होऊन गेली. अर्जात असले काही लिहीत नाहीत, हे मला कळते. परंतु शिक्षिकाबाई पहिल्या दिवशी आम्हांला जे बोलल्या ते जवळजवळ हेच होते, म्हणून आरंभीच नोंदवून ठेवते.

१. मी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर असून माझे वय एकाहत्तर आहे. एकतीस वर्षे कानाला यंत्र लावून मी लोकांना लोकांशी जोडून दिले. पती जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा दूर असतो, दर रविवारी फोन करतो, “आई, जप गं,” म्हणतो, आणि मी “जपते रे,” म्हणते. एरवी घरात कुकर शिट्टी देतो तेवढाच आवाज. आपल्या विभागाच्या सभागृहातील योगवर्गास मी दोन वर्षे, एकही खाडा न करता, जात होते.

२. बाईंच्या शिकवण्याविषयी आपल्या पत्रात “निष्काळजी” असा शब्द आहे. तो वाचून वर्गातील आम्ही अकराही जण दुखावलो. बाई सतरंजीवर कोणालाही एकदम बसू देत नसत. आधी खुर्ची, मग भिंत, मग जमीन. गुडघ्याखाली घडी घातलेली चादर असे. रक्तदाबवाल्यांना मान खाली सोडू देत नसत. उठताना आधी कुशीवर वळायचे, दोन श्वास थांबायचे, मग हाताच्या आधाराने उठायचे. “पोटरीत ताण आला तर राहू द्या, सांध्यात टोचलं तर मागे या,” हे तर आम्हांला पाठ झाले होते. आमच्यातील निवृत्त बसचालक एकदा हट्टाने पायाचे अंगठे धरायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, “काका, अंगठे कुठे पळून जात नाहीत. उद्याही तिथेच असतील.” अशी बाई निष्काळजी कशी?

३. पाय पसरून पुढे वाकण्याचे आसन करताना माझ्या पाठीचा एक मणका दबला. सहा आठवडे पट्टा बांधून पडून होते. चौकशीसाठी आपले लिपिक घरी आले. त्यांच्या छापील नमुन्यात सातवा प्रश्न होता : ‘इजा झाली तेव्हा शिक्षकाचा हात अंगावर होता काय?’ त्यापुढे मी “आठवत नाही” असे लिहिले. त्या दोन शब्दांवरून आपण असा अर्थ काढला, की बाईंनी पाठ दाबली असावी आणि मी भिडेपोटी बोलत नसावे. आपला अर्थ चुकला. परंतु त्याला जागा मी दिली.

४. सध्या बाईंच्या जागी भिंतीवर पडदा असून त्यात एक तरुण मुलगी आसने करते. तिला हाडेच नसावीत असे वाटते. गेल्या सोमवारी ते चित्र “श्वास घ्या” येथेच अडकले. “सोडा” काही येईना. आम्ही सर्व जण छाती फुगवून बसलो. शेवटी बसचालककाका म्हणाले, “सोडा हो मंडळी, नाहीतर आपणच सुटायचो.” हसू आले, पण कमी ऐकू येणाऱ्या शेजारच्या आजींना घेरी आली आणि ती पडद्यातील मुलीला दिसली नाही. दुसऱ्या दिवसापासून आजी येत नाहीत. काल आम्ही चौघेच होतो. आपल्या नव्या नियमाप्रमाणे यापुढे शिक्षक नेमला तरी त्याने तीन फुटांवरून तोंडी सूचना द्यायच्या आहेत. महोदय, मी आयुष्यभर लांबून तोंडी सूचनाच दिल्या. त्यांनी कोणाची पाठ सरळ झाल्याचे मला माहीत नाही.

५. आता दुरुस्ती. माझी हाडे ठिसूळ असल्याचा तपासणी अहवाल इजेच्या चार महिने आधीपासून माझ्या कपाटात होता. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी पाठीला बाक काढून पुढे वाकायचे नाही, असे बाईंनी वर्गात तीनदा सांगितले आणि “कोणाला असं काही असेल तर मला बाजूला येऊन सांगा,” असेही म्हटले. मी गेले नाही. सांगितले असते तर मला खुर्चीवरच्या रांगेत बसवले असते. म्हणून हा दोष बाईंचा नाही, माझा आहे. परंतु एवढ्यानेही आपले समाधान होणार नाही. आपण विचाराल, की माहीत असताना ही बाई वाकली कशाला, आणि खुर्चीत काय वाईट होते?

६. हे मी मुलालाही सांगितलेले नाही. बाईंना तर नाहीच. त्या दोनदा मला भेटायला आल्या, उशाशी बसल्या, “माझं काही चुकलं का हो?” असे विचारून गेल्या, आणि मी डोळे मिटून पडून राहिले.

जमिनीवरच्या रांगेत कोणाची पाठ वाकडी झाली, तर बाई मागे येऊन बसत आणि कमरेच्या वर तळहात ठेवत. दाबत नसत. नुसता ठेवत, आणि म्हणत, “इथून लांब व्हा.” त्या हाताची ऊब कुर्त्यातून आत उतरे. घरी माझ्या अंगाला कोणाचा हात लागत नाही. डॉक्टरसुद्धा आता बोटाला चिमटा लावून नाडी बघतात. पाठ सरळ ठेवणे मला पहिल्या महिन्यातच जमले होते. तरी दोन वर्षे, रोज, मी ती मुद्दाम वाकडी करत आले.

त्या दिवशी वर्गात एक नवीन बाई आल्या होत्या आणि शिक्षिकाबाई त्यांच्यापाशी गुंतल्या होत्या. मी बाक काढला. त्यांचे लक्ष गेले नाही. आणखी काढला. मग पावले धरून ओढले, जेवढे ओढता आले तेवढे.

तरी सातव्या प्रश्नापुढील उत्तर खोडून तेथे पुढीलप्रमाणे लिहावे व शिक्षिकाबाईंना सन्मानाने परत बोलवावे, ही विनंती : हात नव्हता. तो यावा म्हणून मी वाट बघत होते.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,

(सही)
निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
सकाळचा योगवर्ग, हजेरी क्र. ४

दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत :
१. हाडांच्या तपासणीचा अहवाल, मूळ प्रत
२. वर्गातील दहा जणांच्या सह्यांचे निवेदन (त्यांना परिच्छेद ६ दाखवलेला नाही)