खिशातला बर्फ

१६ एप्रिल १९९७, संध्याकाळ

अण्णांनी गोळी गिळली, आईला म्हणाले, "पोरगा काळजी घेतो हो माझी," आणि त्याच क्षणी मी माझ्याच नजरेतून उतरलो. त्यांच्या लिव्हरवर चरबी साठलीय. दह्यातल्यासारखे जिवंत जंतू असलेल्या गोळ्या डॉक्टर देऊन बघताहेत. गरम झाल्या की जंतू मरतात, म्हणून दुकानदाराने पुडी बर्फात बांधून दिली होती. आणि मी? कॉलेजातली सुधा दिसेल म्हणून शिवाजीनगरच्या बसस्टँडवर दुपारभर उन्हात उभा! खिशातून बर्फाचं पाणी गळत होतं, तरी हललो नाही.

शेवटी सांगून टाकलं. अण्णा माझ्या ओल्या खिशाकडे बघत राहिले. "सरी," त्यांच्या कानडीतलं 'बरं' म्हणाले. "ती भेटली तरी का?"

"नाही!" मी त्यांच्यावरच ओरडलो.

"मग आपल्या दोघांचाही दिवस वाया गेला की रे."

मी कॉलेज सोडलं तेव्हाही असेच बोलले होते, हळू. औषधांचं दुकान अजून उघडं असेल. नव्या पुडीसाठी थर्मास घेतलाय. निघतो, दार ओढून घेतो.