मलमातला न सांगितलेला पाला

आई,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. मुद्दामच लिहिलं नाही. तू जाऊन दोन वर्षं झाली आणि आज तुझा इतका राग आलाय की कागद घेऊन बसले.

गेल्या रविवारी दादा आणि वहिनी बदलापूरला माझ्याकडे आले होते. दादाला चहाचा कप धरवेना. कारखान्यातल्या केमिकलनं दोन्ही तळहात फाटलेत, बोटांच्या पेरांतून रक्त येतं. डॉक्टरांच्या ट्यूब लावून झाल्या. म्हणाला, “सुमे, आईचं मलम करून दे ना.” मी म्हटलं, “मला अर्धंच येतं रे. त्यातला एक पाला तिनं कधी सांगितलाच नाही.” तर किती सहज बोलून गेला! “हिला सांगितला होता की आईनं. पण ही विसरली.”

वहिनीला सांगितला होतास, आई?

अगं, आठ वर्षांची होते तेव्हापासून तुझ्या त्या मलमापायी राबलेय मी. अंबरनाथच्या चाळीत पाट्यावर कडुनिंब वाटून वाटून माझे हात हिरवे व्हायचे. करंजाचं तेल स्टोव्हवर चढवायचं, त्यात तो रस आटवायचा, तडतड थांबली की जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळायचं, मग मेण घालून ढवळत बसायचं. सगळं माझ्याकडून करून घ्यायचीस. आणि ऐन वेळी म्हणायचीस, “सुमे, जा, नळाला पाणी आलं का बघ.” मी परत येईपर्यंत कढईतून वेगळाच वास येत असायचा.

बाबांच्या टाचा, दादाच्या डोक्यातले फोड, माझ्या मानेवरचा नायटा, सगळ्यांना तेच मलम. उल्हासनगरच्या बाजारातून रिकाम्या डब्या आणून शेजारणींनाही भरून द्यायचीस. मलम वाटताना तुझा हात कधी आखडला नाही गं! मग पोटच्या मुलीला चार शब्द सांगताना काय झालं होतं?

विचारलं की म्हणायचीस, “सांगितलं की औषधाचा गुण जातो.” आणि मी ते मानलं! आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव, नवस, अंगारे सगळे बाहेर काढले. मग हे एवढंच कसं आत राहिलं, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

आता कळतंय. मी दुसऱ्याच्या घरी जाणार होते. माझ्याबरोबर मलमही जाईल, हीच भीती होती ना तुला?

तुझे शेवटचे तीन महिने आठव. पोरीला शेजारी ठेवून मी रोज दुपारी अंबरनाथला यायचे. पडून पडून तुझ्या पाठीला जखमा झाल्या होत्या. तुला कुशीवर वळवून मीच मलम लावायचे. डबी संपत आली तेव्हा एकदा तू वहिनीला जवळ बोलावलंस आणि मला म्हणालीस, “सुमे, जा, नळाला पाणी आलं का बघ.” सत्तावीस वर्षांची बाई मी, आणि गेले बघायला! वाटलं, आजारी माणूस आहे, सवयीनं बोललं.

वहिनीवर माझा राग नाही. बिचारी मान खाली घालून म्हणाली, “ताई, आई सांगत होत्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या श्वासाकडे होतं हो.”

सोमवारी बाजारात गेले. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची सोनीबाई, जिच्याकडून तू झाडपाला घ्यायचीस, ती आता बदलापूरला बसते. तिला विचारलं. भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगून टाकलं, “बहाव्याचा कवळा पाला.” वर हसली. “तुजी आय दर सालाला माज्याकडनंच त न्यायची. तू कवा इचारलंच नाय.”

बहावा! आमच्या शाळेच्या रस्त्यावर दोन होते. खरंच, सोनीबाईला आधीच विचारता आलं असतं. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, आई. तू एकदा तरी स्वतःहून सांगशील म्हणून मी थांबले होते.

काल मलम केलं. तोच वास आला, आणि मी स्टोव्हपाशी बसून रडले. तुझ्या आठवणीनं रडले असं समजू नकोस. संतापानं रडले.

येत्या रविवारी दादा डबी न्यायला येईल. त्याचे हात बरे होवोत, त्याच्यावर कसला राग काढू? वहिनीला सगळं कागदावर लिहून देणार आहे, माझ्या पोरीलाही शिकवणार आहे. पण दादा डबी हातात घेऊन “आईचं मलम” म्हणाला, की मी त्याला तिथंच थांबवीन. पुढेही कुणी तसं म्हणालं तर दर वेळी थांबवीन. सांगेन, हे आईचं नाही. आईनं मला काही दिलेलं नाही. हे माझं आहे. एवढं वचन तुला देते, आणि ते मी पाळीन.

तुझ्याच घरची,
सुमन