अमितच्या पायाखालची फळी

प्रिय तेजू,

अमित पुन्हा त्या रेसिंगच्या गेमपुढे बसतो, हे ललिताकाकूने तुला कळवलंच असेल. तिच्या पोटात काही राहत नाही. तू भडकली असशील. आधी भडकून घे, मग पुढे वाच. फोनवर मी ऐनवेळी कच खातो, म्हणून हे पत्र.

त्याने हॉलमध्ये स्टिअरिंग बसवलंय, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक हाताने दाबता येतील असे घेतलेत. पाय नुसते लोंबतात. अपघातानंतर फक्त उजव्या टाचेत थोडी जाणीव उरली आहे. परवा म्हणाला, "बाबा, पायाखाली गाडी जाणवेल असं काहीतरी करा ना." दोन वर्षांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मग मी प्लायवूडची फळी कापली, तिला खालून चार रबरी बुश लावले आणि दांड्याला एकाच बाजूने वजन असलेल्या, म्हणून फिरताना हादरणाऱ्या दोन छोट्या मोटरी बसवल्या. गेममधली गाडी पळेल तशी फळी थरथरते. कॉम्प्युटरची जोडणी त्याची, बाकी हमाली माझी. गंमत बघ, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं मी मशिनची थरथर घालवत आलो. चालत्या पंपावर रुपयाचं नाणं उभं राहिलं की आम्ही चहाला मोकळे. आणि आता म्हातारपणी थरथर तयार करायला बसलो.

रविवारी फळी लावली. तळहात तिच्यावर ठेवून मी मोटरींचा वेग हळूहळू वाढवत होतो. अमित हसत होता, तेजू, खरंच हसत होता. मग एकाएकी त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद करा, बाबा." माझ्या हातालाही ती थरथर ओळखू आली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

त्या दिवशी वणीहून परतताना गाडीत हीच थरथर होती. सकाळी पंक्चर काढलं, त्या चाकाचे नट ढिले राहिले होते. गाडी अमित चालवत होता, त्याला शंका आली. समोर टायरवाल्याचं दुकान होतं, तो थांबू म्हणत होता. मी चप्पल काढली, धावत्या गाडीत तळपाय खाली टेकवला आणि छातीठोकपणे सांगितलं, "व्हील बॅलन्सिंगचं आहे रे. नाशिकला बघू, चल." तुझी आई म्हणाली, "बाबा सांगतात ना? मग झालं तर." पुढच्या वळणावर चाक निघालं.

गेम खेळून खेळून आईला मारलंस, असं तू त्याला दवाखान्यात म्हणालीस. मी कॉटच्या पलीकडेच उभा होतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तुला म्हणाला, "हो, चुकलं माझं." मी गप्प राहिलो. त्यानंतर दोन राखीपौर्णिमा त्याचा हात मोकळा गेला, तरी मी गप्पच होतो. आईला मी मारलं, तेजू. यंदा त्याला राखी पाठव. मला काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
बाबा